टोक खाली, बूड वर

फवारणीच्या गनमधली पिन दिसायला क्षुल्लक. पितळेची, ८ मिलिमीटर व्यासाची, १४ मिलिमीटर लांब. त्यातले पुढचे ४ मिलिमीटर निमुळते, बाकी अंग सरळ, बूड सपाट. एचटीपी पंपाच्या, म्हणजे जास्त दाबानं औषध फवारणाऱ्या पंपाच्या गनचा खटका दाबला की ही पिन मागं सरकते आणि औषध सुटतं. खटका सोडला की स्प्रिंग तिला पुढं रेटते, निमुळतं टोक सीटवर, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या भोकाच्या कडेवर बसतं आणि फवारा थांबतो. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये या गनचे व्हॉल्व्ह जोडले जातात. तासगाव, पलूसकडचा द्राक्षवाला ऑक्टोबरात गोडी छाटणी घेतो आणि तिथून पुढं त्याच्या फवारण्यांना खंड नसतो. त्यामुळं आमच्याकडं गणपती उठायच्या आतच पार्ट्यांचे फोन सुरू होतात.

पिन उलटी बसली तर सपाट बूड सीटवर टेकतं आणि व्हॉल्व्ह गळतो. गळतं ते नुसतं पाणी नसतं, बुरशीनाशक असतं, आणि ते धरणाऱ्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत जातं. म्हणून पिन भरायचं काम आम्ही कायम हातानं करत आलो. सहा स्टेशनचं फिरतं टेबल: पहिल्यावर बॉडी ठेवायची, दुसऱ्यावर पिन, मग स्प्रिंग, मग कॅप, पाचव्यावर प्रेस, सहाव्यावर तयार माल काढायचा. तीन सेकंदांना टेबल एक घर पुढं सरकतं, म्हणजे मिनिटाला वीस नग. कागदावर. हातानं पिन भरताना हा वेग अर्धा तास टिकतो, दिवसभर नाही. पिन घालणाऱ्या मावशींची बोटं तेलानं बुळबुळीत होतात आणि टेबल थांबवायचं बटण वरचेवर दाबलं जातं. तेव्हा फीडर, म्हणजे पिना आपोआप पुरवणारं यंत्र, बसवायचं ठरलं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उभी नळी. पिना हातानंच नळीत ओळीनं भरून ठेवायच्या, खालून एकेक सोडायची. छोट्या शेडमध्ये हे बरंच चालतं आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. टेबल बंद असताना, जेवणाच्या सुट्टीआधी वगैरे, नळ्या भरून ठेवता येतात. पण माणूस काही कमी होत नाही. तो टेबलापाशी बसायचा तो बाजूच्या बाकावर बसतो, इतकंच. आम्ही आठवडाभर चालवून बघितलं आणि ते मागं ठेवलं.

दुसरा उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो तो, बाउल फीडर. ज्याला विचारावं तो म्हणतो, "व्हायब्रेटर लाव की." स्टीलची मोठी वाटी, आतून कडेकडेनं वर चढत जाणारी पायवाट, खाली तिरक्या पट्टी स्प्रिंगा आणि मधोमध कॉइल. कॉइलनं ओढलं-सोडलं की वाटी थरथरते आणि पार्ट बारीक उड्या मारत वर चढतात. वाटेत खाचा, पट्ट्या, हवेचे झोत. जो पार्ट हव्या त्या बाजूला नाही तो खाली पाडायचा, सरळ असेल त्यालाच पुढं जाऊ द्यायचं. भोसरीला एका बनवणाऱ्याकडं किलोभर पिना घेऊन गेलो. त्यांनी आमच्या पिनेसारख्याच एका पार्टची तयार वाटी चालवून दाखवली. काम चोख होतं, मिनिटाला ऐंशी पार्ट रांगेत येत होते. कोटेशन लाखाच्या पुढं, वर १८ टक्के जीएसटी.

मला मात्र वाटीच्या तळात साठलेली ती पिवळी पूड दिसत राहिली. दोन पिना उचलून भिंगाखाली धरल्या. निमुळत्या टोकावर बारीक ठोके होते, नखाला जेमतेम लागतील इतके. दुसऱ्या कुठल्या पार्टला त्यानं काही बिघडलं नसतं. पण आमच्या पिनेचं ते टोक म्हणजेच सीलिंगची जागा. आम्हाला मिनिटाला वीस पाहिजेत आणि वाटी ऐंशी देणार, म्हणजे उरलेल्या पिना एकमेकींवर आपटत फिरत राहणार. रांग भरली की सेन्सरनं वाटी बंद करता येते आणि आतून पीयूचं, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचं अस्तर लावलं की घासणं कमी होतं, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तरी पिनेवर पिन आपटायची ती आपटणारच. आणखी एक गोष्ट आमच्या गल्लीतली. पलीकडच्या शेडमध्ये भट्टी सुरू झाली की आमचा व्होल्टेज खाली येतो. साध्या कंट्रोलरवर चालणाऱ्या वाटीची थरथर व्होल्टेजबरोबर वर-खाली होते. वेगळी फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारा कंट्रोलर मिळतो, पण पुन्हा पैसे.

भाचा वालचंद कॉलेजला मेकॅनिकलला आहे. रविवारी आला तेव्हा पिन हातात घेऊन म्हणाला, "मामा, ही तर गोळी झाली." आणि त्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे व्हिडिओ लावले. मी आधी त्याला थांबवलं, कारण घरच्या कॉम्प्युटरवरही असलं काही शोधायला मला धाकधूक वाटते. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि सैन्याची काडतुसं खडकी, वरणगावसारख्या सरकारी कारखान्यांत होतात. तिकडं मात्र गॅरेजमध्ये प्रेस लावून रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचा छंद सर्रास चालतो. आणि त्या प्रेसचं टेबल बघितल्यावर मी खुर्ची पुढं ओढली. हुबेहूब आमचं टेबल, फक्त हँडलवर चालणारं. हँडल एकदा खाली-वर केलं की पुंगळ्यांची गोल प्लेट एक घर पुढं जाते: एका घरात पुंगळी मापात येऊन जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, निघतो, मग नवा बसतो, मग दारू पडते, मग गोळी बसते, मग तोंड आवळलं जातं. प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस. डिलन कंपनीचा एक्सएल ७५० पाच स्टेशनचा, आरएल ११०० आठ स्टेशनचा. हॉर्नेडीचाही पाच स्टेशनचा आहे.

आणि गोळ्या भरायला त्या लोकांनी वाटी वापरलेलीच नाही. तिरकी बसवलेली एक गोल थाळी, तिच्या कडेला खाचा, मागं गिअर मोटर, सावकाश फिरते. गोळ्या खाली ढिगात पडलेल्या असतात. थाळी फिरताना खाचेत एकेक गोळी आडवी बसते, वर जाते, आणि वरच्या टोकाला नळीत पडते. नळी भरली की मायक्रोस्विच मोटर बंद करतो. खाली प्रेसवर गोळी अडवून धरणारा डाय, म्हणजे स्टेशनवर बसवायचा सुटा भाग, असतो. पुंगळी वर येऊन त्याला खालून ढकलते तेव्हाच एक गोळी सुटते, पुंगळी नसली तर गोळीही नाही. ना थरथर, ना पूड.

पण मला जास्त उपयोग झाला तो त्यांच्या एका वादाचा. पाच स्टेशनच्या प्रेसवर जागा मोजक्या. त्यातली एक गोळीच्या फीडरला दिली तर दारू तपासणाऱ्या डायला जागा उरत नाही. तो डाय म्हणजे एक साधी दांडी असते. ती पुंगळीत उतरते, दारूच्या पातळीवर टेकते आणि पातळी कमी-जास्त असेल तर डिलनचा बझर वाजतो, आरसीबीएस कंपनीचा डाय तर प्रेसच अडवतो. हे का लागतं, तर दारू पडलीच नाही तर गोळी बंदुकीच्या नळीत अडकून बसते, आणि दुप्पट पडली तर बंदूक फुटू शकते. आता यात गंमत अशी की गोळी हातानं ठेवायची असते तेव्हा माणूस आपोआप पुंगळीत डोकावतो. दारू दिसते. फीडर लावला की हात तिथं जात नाही, म्हणून नजरही जात नाही. म्हणजे फीडर बसवला की तपासणीची गरज वाढते, आणि नेमकी तिचीच जागा तो खातो.

हे ऐकल्यावर मी दुसऱ्या दिवशी मावशींच्या मागं उभा राहून नुसतं बघत बसलो. पिन घालायच्या आधी त्या बॉडीत बघतात. मधूनच एखादी बॉडी उचलून फुंकर मारतात किंवा उलटी करून टेबलावर आपटतात, कारण सीटवर पितळेचा बारीक कीस असतो. हे काम कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "दिसतंय ते काढतो, त्यात काय?" फीडर आला की हे बघणं बंद होणार होतं, आणि कुठल्याही फीडरवाल्यानं मला त्याबद्दल विचारलं नव्हतं, मी त्यांना सांगायचं तर दूरच.

तेव्हा आधी तपासणीची जागा काढली, फीडर नंतर. पहिलं आणि सहावं स्टेशन एक केलं. तयार व्हॉल्व्ह उचलणाऱ्या बाईनंच त्याच घरात नवी बॉडी ठेवायची. ठेवलेल्या बॉडीवर वरून हवेचा जोरदार झोत, कीस उडून जातो. पिनच्या पुढचं स्टेशन मोकळं झालं, तिथं दांडी आली. छोटा एअर सिलेंडर, टोकाला नायलॉनची टोपी, अंगावर दोन सेन्सर. पिन टोक खाली असेल तर टोक सीटच्या भोकात उतरतं आणि बूड ठरल्या उंचीवर येतं. उलटी असेल तर बूड सीटवरच अडतं आणि पिन जवळजवळ ३ मिलिमीटर वर उभी राहते. पिनच नसेल तर दांडी खोल जाते. दोन सेन्सरमध्ये तिन्ही गोष्टी कळतात. चूक दिसली की टेबल थांबतं आणि लाल दिवा लागतो. आपोआप बाजूला टाकायची सोय करता आली असती, पण मला टेबल थांबलेलंच पाहिजे होतं, म्हणजे कोणीतरी येऊन बघेल.

आता फीडर. थाळीच करायची हे ठरलं, आणि तयार विकत न आणता इथंच बनवायची. अमेरिकेतला फीडर मागवता आला असता का, हे मी बघितलंच नाही. गोळ्या भरायच्या यंत्राचा पार्ट कस्टममध्ये सोडवत बसायची माझी तयारी नव्हती. थाळी डेल्रिन या कडक प्लास्टिकची, साडेआठ मिलिमीटर जाड. जाडी पिनेच्या व्यासापेक्षा किंचितच जास्त ठेवायची, म्हणजे खाचेत बसलेल्या पिनेवर दुसरी पिन टिकत नाही, घसरून खाली जाते. खाचा १६, मिनिटाला ३ फेरे, म्हणजे ४८ खाचा वर जाणार. निम्म्या रिकाम्या गेल्या तरी २४ पिना. आम्हाला वीस पुरतात.

खरी मेख वरच्या टोकाला होती. खाचेत पिन आडवी असते, पण तिचं टोक कधी पुढं, कधी मागं. वरच्या भोकापाशी, खाचेच्या बरोबर मधोमध, एक पातळ पट्टी उभी ठेवायची. पिन त्या पट्टीवर येते आणि जड बाजूला कलंडते. निमुळत्या टोकाकडं पितळ कमी, त्यामुळं वजनाचा मध्य बुडाकडं सरकलेला असतो. आमच्या पिनेचा हिशेब केला तेव्हा तो निम्म्या लांबीपासून जेमतेम सव्वा मिलिमीटर बुडाकडं निघाला. म्हणजे सगळा खेळ सव्वा मिलिमीटरचा. पहिली थाळी कापली तिच्या खाचा १६ मिलिमीटर लांब होत्या, पिन सहज बसावी म्हणून. पिन खाचेत पुढं-मागं दोन मिलिमीटर हलायची आणि मधूनच एखादी चुकीच्या बाजूला कलंडायची. दांडीनं ती पकडली, पण टेबल सारखं थांबायला लागलं. खाच १५ ची केली आणि कलंडणं सुधारलं. हे इतकं तपशिलात लिहितो कारण फीडर घेताना कोणी खाचेच्या लांबीबद्दल बोलतच नाही. सगळे मिनिटाला किती, एवढंच विचारतात.

एक अडचण मात्र अमेरिकेतल्या हौशी लोकांना नसते. पुंगळीत गोळी बुडाच्या बाजूनं बसते, टोक वर. थाळीतून गोळी बूड खाली धरूनच पडते, त्यांचं काम तिथं संपलं. आम्हाला टोक खाली पाहिजे. नळी कशीही वळवली तरी जे आधी शिरलं तेच आधी बाहेर येणार. भाच्यानं हवेनं पिन उडवायचं काहीतरी चित्र काढलं, मी पट्टीची जागा बदलून बघायचा विचार केला. शेवटी आमचे फिटर अण्णा, जे हे सगळं चहाचा ग्लास हातात धरून ऐकत होते, ते म्हणाले, "मालक, पिन फिरवायची कशाला? तिचं घरच फिरवा की."

त्यांनी पितळेचा एक छोटा ड्रम केला. समोरासमोर दोन आंधळी भोकं, म्हणजे आरपार न जाणारी. नळीतून पिन वरच्या भोकात बूड खाली पडते. रोटरी सिलेंडर ड्रमला अर्धा फेरा देतो, भोक खाली येतं, आणि पिन टोक पुढं करून सुटते, थेट बॉडीत. फिरताना ती मधेच पडू नये म्हणून ड्रमभोवती कवच आहे, ते फक्त वर आणि खाली उघडं. तेवढ्यात दुसरं भोक वर आलेलं असतं, त्यात पुढची पिन पडते. सिलेंडर परत उलटा अर्धा फेरा घेतो. पिन उलटवायचं आणि एका वेळी एकच सोडायचं, दोन्ही कामं एकाच ड्रममध्ये झाली. एकेक सोडणारी वेगळी यंत्रणा मी आधीच खर्चात धरून ठेवली होती, ती वाचली. बॉडी आहे असं सेन्सरनं सांगितल्याशिवाय ड्रम हलत नाही. पुंगळी नाही तर गोळी नाही, तेच.

नळी पारदर्शक पीयूची, ९ मिलिमीटर आतला व्यास. याहून मोठी घेतली तर पिना एकमेकींच्या कडेत घुसून पाचरीसारख्या अडकतात. नळी भरल्याचं ओळखायला प्रॉक्सी, म्हणजे जवळचा धातू ओळखणारा सेन्सर, लावली तेव्हा ती पिना ओळखेचना. पॅकिंगवर लिहिलेलं अंतर लोखंडासाठी असतं, पितळेला ते निम्म्याहून खाली येतं. आत सरकवून बसवली, चालली.

तेलाचं प्रकरण जास्त दिवस चाललं. सीएनसीवरून आलेल्या पिनांवर कटिंग ऑइलचा थर असतो. थाळीच्या खाचेत पिन त्या तेलावर चिकटून बसते, पट्टीवर आली तरी कलंडत नाही, तशीच पुढं फिरून जाते. मेणाचं वंगण लावलेल्या शिशाच्या गोळ्या अशाच अडकतात, म्हणून तिकडं तांब्याचं आवरण असलेल्या गोळ्या फीडरला जास्त मानवतात. आम्ही पिना धुऊन लाकडाच्या भुशात घोळवत होतो, पण भुशाची धूळ उरायची आणि खाचांत साठायची. तिकडचे लोक पुंगळ्या चकचकीत करायला दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा वापरतात, ते बघून तो आणला. सांगली जिल्ह्यात मक्याची कणसं मागायला लांब जावं लागत नाही. भरडा तेल शोषतो, धूळ कमी होते, आणि एका चाळणीत सगळं वेगळं होतं. चाळणी भरडा पाडेल आणि पिन अडवेल अशी हवी. आमची पहिली चाळणी वाळू चाळायची होती, ती चालली.

आता टेबलावर दोघीच बसतात. एकीकडं बॉडी आणि तयार माल, दुसरीकडं स्प्रिंग आणि कॅप. स्प्रिंगा एकमेकींत गुंततात, त्यांच्या वाटेला मी जाणार नाही. पिन घालणाऱ्या मावशी पाण्याच्या टाकीवर बसतात, गळती तपासायला. एकूण मालातला जो नग गळतो तो उघडून कारण शोधायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलंय, आणि त्यांना कीस चटकन दिसतो. थाळीत दिवसातून एक-दोन वेळा पिना ओताव्या लागतात. खूप ओतायच्या नाहीत. ढीग खाचांच्या वर गेला की पिना थाळीवरून घसरत नाहीत आणि एकेका खाचेवर दोन-दोन चढतात. डब्याच्या आत अण्णांनी लाल रेघ मारलीय, रेघेच्या वर ओतलं की ते ओरडतात. ड्रमच्या कवचाची खालची कड झिजते, ती बदलायची सोय म्हणून वेगळा तुकडा स्क्रूनं बसवलाय.

मध्यंतरी एका पार्टीनं नवी पिन दिली, १० व्यासाची आणि फक्त १२ लांब. थाळी बदलून ती चालेल असं सगळ्यांनी धरलं होतं. चालणार नाही. इतक्या बुटक्या पिनेला खाचेत आडवं पडायचं कारणच नाही, ती उभीही बसते, तिरकीही. शिवाय तिचं टोक नुसतं किंचित गोल आहे, वजनाचा मध्य जवळजवळ निम्म्यावरच. पट्टीवर ती कुठंही कलंडेल. तिच्या टोकाला सीलिंग नाही, रबर बसतं, त्यामुळं ठोके पडले तरी बिघडत नाही. तेव्हा भोसरीला किलोभर पिना पुन्हा पाठवल्यात. सोबत ड्रॉइंग, आणि त्यावर पेननं: मिनिटाला २५, जास्त नको, आणि व्होल्टेज १९० ला आणून ट्रायल दाखवा.